गव्हाळ राण्या

मी आयुष्यात जितक्या बायकांना गोरं केलं तितक्यांना कुठल्या क्रीमनंही केलं नसेल. ही बढाई नव्हे. बढाई मारायची असती तर पुरुषांचा आकडाही सांगितला असता, आणि मग हा अंक सासुरवाडीच्या हाती लागू नये म्हणून चार-पाच सन्माननीय जावई धडपडत सुटले असते.

कतारला, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका छापखान्यात मी सत्तावीस वर्षं काढली. एका अंगाला टायरचं गोदाम, दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियमच्या खिडक्या कापणारे, मधे आम्ही. जूनमध्ये अशी धग की आमचे मशीनमन रफीकभाई टेम्पोच्या बॉनेटवर पोळी भाजायचे. एकदा ती करपली, तर 'आच मंद ठेव' म्हणून त्यांनी टेम्पोला दटावलेलं मी या कानांनी ऐकलंय. रफीकभाई चितगावचे, मी सांगलीचा, मॅनेजर वर्गीससाहेब केरळचे. तिघांचं हिंदी तीन तऱ्हेचं, आणि तिन्ही तऱ्हा ऐकून हिंदीवाली गिऱ्हाइकं इंग्रजीत बोलायला लागायची.

माझ्या कामाला प्री-प्रेस म्हणतात. गिऱ्हाईक फाइल घेऊन येतं आणि शेवटी मशीनवर प्लेट चढते. या दोहोंच्या मधे जो माणूस कॉम्प्युटरसमोर पाठ वाकवून बसतो तो मी. छपाईत रंग असतात चारच. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. भिंग लावून बघाल तर कुठलंही छापील चित्र म्हणजे या चार शायांच्या ठिपक्यांची जत्रा असते. मेनूकार्डावरची बिर्याणी आणि लग्नपत्रिकेवरचा नवरदेव, दोघंही त्याच ठिपक्यांचे. बिर्याणीत पिवळा जरा जास्त, एवढंच. कुठला ठिपका कुठे किती मोठा, हे ठरवणारा माणूस मी. म्हणजे तुमचं तोंड कसं दिसावं हे देवानं ठरवल्यावर त्यात शेवटची दुरुस्ती माझी.

ही दुरुस्ती मी सांगलीत शिकलो, कॉम्प्युटर येण्याच्या आधी, एका फोटो स्टुडिओत. तेव्हा निगेटिव्ह असायची. तिच्यात सगळं उलटं; काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच्या गालावर हलक्या हातानं फिरवली की प्रिंटमध्ये तो गाल उजळायचा. पेन्सिलीनं काळं करायचं आणि माणूस गोरा व्हायचा. असा उफराटा धंदा. आमच्याकडे 'गोरं करा' असं तोंडानं कोणी म्हणत नसे. 'स्थळाचा फोटो आहे, जरा बघून घ्या' म्हणायचे. मग मी बघून घ्यायचो. आपल्याकडे लग्नाच्या बाजारात मुलगी काळी कधीच नसते, ती गव्हाळ असते. सबंध महाराष्ट्रात गहू पिकत नाही तेवढ्या गव्हाळ मुली आम्ही त्या स्टुडिओतून काढल्या.

त्यातल्याच एका मुलीशी माझं लग्न झालं. तिचा फोटो मी असा काही बघून घेतला की तासगावचा मुलगा तिला पाहायला आला, आणि समोर बसलेल्या मुलीला 'ताई, फोटोतल्या त्या बाहेर कधी येणार?' असं विचारून बसला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील स्टुडिओत आले आणि त्यांनी माझी कॉलर धरली. ती त्यांनी मांडवात मुंडावळ्या बांधूनच सोडली. माझी बायको सुमन मला अशी आयती मिळाली, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. लोक हसतात. सुमन हसत नाही, पण तिला विनोद उशिरा कळतो अशी माझी समजूत होती.

दोह्यात पेन्सिल गेली आणि माउस आला. हात तोच राहिला. आमचा नाशिकचा एक इंजिनिअर होता, गॅसच्या कंपनीत. नव्या ओळखपत्रासाठी त्यानं फोटो माझ्याकडून 'बघून' घेतला. गेटवरच्या कॅमेऱ्यानं त्याला तीन दिवस आत घेतलं नाही. चौथ्या दिवशी तो बायकोची पावडर फासून गेला तेव्हा कुठे दार उघडलं. पुढे आठ महिने तो पावडर लावूनच ड्यूटीवर जायचा. त्याला बढतीही मिळाली. त्याचं श्रेय मी घेत नाही, ते पावडरवाल्याचं.

अशा माणसाच्या टेबलासमोर एक दिवस ग्रेस येऊन उभी राहिली.

ग्रेस केनियाची, एका मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड. निळा गणवेश, बूट, कमरेला वॉकीटॉकी. उंची अशी की आमच्या दारातून आत यायला तिला वाकावं लागलं, आणि ते दार ट्रकसाठी केलेलं आहे. तिनं टेबलावर एक फाइल ठेवली आणि तपासणीला आल्यासारखी म्हणाली, "मिस्टर बापू कोण? उभे राहा." मी उभा राहिलो. "बसा. मला पुस्तक छापायचंय."

फाइलमध्ये चौदा कविता होत्या आणि चौदा चित्रं. कविता ग्रेसच्या. बारा-बारा तास दारात उभं राहून तिनं त्या डोक्यात रचल्या होत्या आणि चहाच्या सुटीत व्हिजिटर पासच्या पाठीवर उतरवल्या होत्या. चित्रं सेलामची. सेलाम इथिओपियाची, दोह्याच्याच मुऐदर भागातल्या एका व्हिलात घरकामाला. दोघींची ओळख शुक्रवारच्या बसमधली. ग्रेस कविता म्हणायची, सेलामला इंग्रजी बेताचं, म्हणून ग्रेस ती हातवाऱ्यांनी पुन्हा म्हणायची, आणि सेलाम घरी जाऊन चित्र काढायची.

कशाच्या कविता? आफ्रिकेच्या इतिहासातल्या बायकांच्या, ज्यांच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. मी विचारलं, "म्हणजे राण्या?" ती म्हणाली, "काही राण्या. बाकीच्या, राण्यांना ज्यांच्या जिवावर राणीपण करता आलं त्या."

नावं मी इथे देत नाही. एकदा एका राणीचं नाव मी ग्रेससमोर घेतलं, तर ती म्हणाली, "मिस्टर बापू, तुम्ही आत्ता तिला एका भाजीचं नाव दिलंत." तेव्हापासून सोडलं. शिवाय त्यातल्या निम्म्या बायकांची नावं इतिहासानंही ठेवलेली नाहीत, तेव्हा माझ्या एकट्यावर चिडू नये.

पण बायका काय सांगू तुम्हाला. नाईलकाठच्या जुन्या राज्यातली एक राणी होती, एका डोळ्यानं अंध. तिनं थेट रोमनांवर स्वारी केली. तिच्या राजधानीत रोमन बादशहाच्या पुतळ्याचं डोकं देवळाच्या पायरीखाली पुरलेलं सापडलं म्हणतात, म्हणजे जो देवदर्शनाला येईल तो आधी बादशहाच्या टाळक्यावर पाय देईल. हे वाचून मी खुर्चीतच मुजरा केला. ग्रेसनं तिच्या तोंडी दोनच ओळी घातल्या होत्या. माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत त्या अशा:

एक डोळा देऊन झाला.
दुसरा तुझ्यावर ठेवलाय.

मग केनियाच्या किनाऱ्यावरची एक विधवा. गावातले तरणे पुरुष सैन्यासाठी मागायला इंग्रज साहेब आला, तेव्हा ती भर सभेत कोंबडी आणि तिची पिल्लं घेऊन गेली. म्हणाली, उचल यातलं एक. साहेबानं हात घातला, कोंबडीनं चोच मारली. 'बघ, एवढ्याशा कोंबडीला हे कळतं,' असं बाई म्हणाली म्हणतात. कविता होती त्या कोंबडीची. आणि एक होती ती बिननावाची, गुलाम म्हणून जहाजात घातलेली. तिनं निघताना वेणीत भाताचे दाणे घट्ट गुंफून घेतले, आणि दर्यापार नेऊन पेरले.

तू मला बोटीत मोजलंस.
माझ्या केसांत शेत होतं, ते मोजायचं राहिलं.

मी विचारलं, "ही पुस्तकं कोणाला द्यायची?"

"आमच्यासारख्यांना. गार्ड, घरकामवाल्या, सलूनमधल्या. आमच्या मुली फोनवर विचारतात, आई, तू तिथे काय करतेस? मी सांगते, दारात उभी असते. आता मला सांगायचंय की दारात उभ्या राहणाऱ्या बायका आमच्याकडे काय काय करून गेल्या."

मग तिनं अडचण सांगितली. महिन्याभरानं एका शाळेच्या हॉलमध्ये शुक्रवारी सकाळी या सगळ्याजणी जमणार होत्या. त्याच दिवशी दुपारी सेलामचं विमान. काम संपलं होतं, ती कायमची घरी चालली होती. तिनं स्वतःचं चित्र छापलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हणजे पुस्तक शुक्रवारी सकाळी हातात हवं. संध्याकाळी मिळालं तर उपयोग नाही.

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

ती म्हणाली, "इन्शाल्ला नको. तारीख सांगा."

आम्ही तीनशे प्रती ठरवल्या. मशीनवर घालण्याआधी एक नमुना काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. गिऱ्हाइकानं प्रूफवर सही केली की त्या फाइलला देवानंही हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला एकमेव धर्म. ग्रेसनं प्रूफ नखानं खरवडून तपासलं, चौदा पानांवर चौदा सह्या केल्या. आणि मी पुढच्या सोमवारी त्या फाइलला हात लावला.

का लावला? त्याला तांत्रिक कारण आहे, ते मी तुम्हाला मोठ्या आवाजात सांगू शकतो. ग्रेसनं निवडलेला कागद खरबरीत, दुधाळ रंगाचा. असा कागद शाई पितो, ठिपके फुगतात आणि काळपट जागा बुजून जातात. म्हणून गडद चित्र थोडं मोकळं करावं लागतं. हे खरं आहे. पण थोडं. मी बसलो तो विडी ओढणाऱ्याचा हात खिशाकडे जावा तसा माझा हात गालाकडे गेला. एक गाल उजळला, म्हटलं छान दिसतेय, मग दुसरा. कोंबडीवाल्या विधवेचं कपाळ, वेणीवालीची मान, एकाक्ष राणीचा डोळ्याभोवतीचा भाग. बायका शूर आहेत, कविता गोड आहेत, आपल्याकडून काहीतरी जास्तीचं जावं. वर एक दमडी मागितली नाही. चौदाच्या चौदा बायका मी संध्याकाळपर्यंत लग्नाला उभ्या केल्या.

मंगळवारी रफीकभाईंनी छापलं. बुधवारी सकाळी कागद वाळत ठेवलेले असताना ग्रेस सुटी काढून बघायला आली. मी आतून चहा मागवला, कारण कौतुक बसून ऐकायचं असतं.

तिनं पहिला कागद बघितला. दुसरा बघितला. मग पहिला परत. म्हणाली, "या कोण?"

"तुमच्याच."

"नाही. या तुमच्या नात्यातल्या दिसतात. माझ्या बायका कुठे आहेत?"

मी म्हटलं, "दोह्याची हवा. दमटपणा. मशीनवर कधीकधी रंग खाली बसतो."

"मिस्टर बापू, मी नऊ वर्षं लोकांच्या पिशव्या तपासतेय. खोटं बोलणारा आधी कानाला हात लावतो." मी कानावरचा हात खाली घेतला. "मशीननं फक्त बायकांचेच चेहरे शोधून काढले? कोंबडी तर आहे तेवढीच काळी आहे."

रफीकभाई शाईचे हात पुसत मागे येऊन उभे होते. ते बंगालीत काहीतरी पुटपुटले. मला बंगाली येत नाही, पण त्यात माझं नाव होतं आणि पुढचा शब्द कौतुकाचा नव्हता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं गार करायचं ते मला येतं. एकाला मी लस्सी पाजून, त्याच्याच चुकीबद्दल त्याच्याकडून सॉरी म्हणवून घेतलं होतं. ग्रेस ओरडली नाही. तिनं कागद जागेवर ठेवला, त्याच्या कडा सरळ केल्या. म्हणाली, "सेलामला हे दाखवू नका. मी तिला सांगेन, मशीन बिघडलं म्हणून पुस्तक झालं नाही. ते ऐकून ती जाईल. हे बघून जायला नको. खलास."

आणि ट्रकच्या दारातून वाकून निघून गेली. माझ्यासाठी आता ती खोटं बोलणार होती, तेही मी नुकतंच बोललो तेच.

घरी गेलो तर सुमन मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, अर्थात थोडं सजवून. त्यात मी बराच बिचारा होतो.

"त्या बाईला विचारलं होतंत का?" सुमननं मेथीतून मान वर न करता विचारलं.

"त्यात विचारायचं काय? चांगलंच केलं ना."

"मलाही नव्हतं विचारलं."

"काय?"

"अहो, माझा फोटो. तुम्ही जगाला सांगत सुटता ना, तासगावचा मुलगा आला आणि काय काय बोलला. तो तसं काही बोलला नव्हता. त्यानं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. मी चहाचा ट्रे धरून उभी. तो मला नाकारून गेला नाही हो, मला त्यानं बघितलंच कुठे? तो तुमच्या त्या फोटोतल्या बाईला बघायला आला होता."

मी म्हटलं, "पण मग मी केलं ना लग्न."

"हो. उपकार." तिनं एक जून देठ टाकून दिला. "आईनं तो फोटो अजून भिंतीवर लावलाय. माहेरी गेले की मी त्या बाईकडे पाठ करून जेवते."

तीस वर्षांत माझ्या विनोदावर सुमन का हसत नाही ते मला त्या मेथीच्या पेंडीपाशी कळलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण दोनच भाकऱ्या.

गुरुवारी सकाळी मी वर्गीससाहेबांपुढे उभा राहिलो. कानाला हात न लावता खरं ते सांगितलं: सही झालेल्या फाइलला मी हात लावला. साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या हाताखाली सत्तावीस वर्षांत मी एवढं सरळ वाक्य पहिल्यांदाच बोललो असेन.

"बापू," ते म्हणाले, "पेपर नहीं है. नया पेपर शिप में है. मशीन पे स्कूल का डायरी है. टाइम नहीं है. बाकी सब है. बोलो, बाकी में क्या करना है?"

बाकीत करायला एकच गोष्ट होती. छापलेले कागद फेकायचे नाहीत. तेच कागद पुन्हा मशीनमध्ये घालायचे आणि मी जेवढं काढलं होतं तेवढंच वर चढवायचं, एका शाईत, एकेका जादा प्लेटनं. ऐकायला सोपं आहे. पण कागद एकदा ओला होऊन वाळला की अंगानं बदलतो. कालचा कागद आज केसभर आक्रसलेला असतो, आणि डोळ्यावर डोळा, ओठावर ओठ बसवायचा असतो. केसभर सरकलं की राणीला दोन नाकं.

"दो बजे से छह बजे," वर्गीससाहेब म्हणाले. "डायरीवाला फोन करेगा तो मैं बोलेगा मशीन बीमार है."

दोनपर्यंत मला प्लेटी करायच्या होत्या. सेलामची मूळ चित्रं मी पहिल्यांदा नीट बघितली, भिंग लावून. सांगायला लाज वाटते; महिनाभर ती माझ्या टेबलावर होती. मला वाटायचं काळा म्हणजे काळा. त्या बाईनं आधी निळ्या बॉलपेननं चेहरे आखले होते, त्यावर कोऱ्या कॉफीचे हात दिले होते, एकावर एक, सात-आठ, आणि शेवटी काळी शाई. त्यामुळे गालाच्या उंचवट्यावर तांब्याची झाक होती आणि मानेच्या सावलीत जांभळाची. डोळ्याच्या खोबणीत निळं. मी आयुष्यभर जे खोडरबरानं पुसत आलो, त्यात एवढा ऐवज होता. मी चौदा चेहऱ्यांतून माझा हात एकेक करून मागे घेतला. हे काम गोरं करण्यापेक्षा फार अवघड आहे, कारण त्यात अंदाज चालत नाही, बघावं लागतं.

रफीकभाईंना म्हटलं, नुसती काळी शाई मेल्यासारखी दिसेल. ते म्हणाले, "हमको सिखाता है?" त्यांनी काचेवर काळी शाई घेतली, तिच्यात निळीचा एक गोळा, किरमिजीची बोटभर, आणि सुरीनं घोटत बसले. आमटीची चव बघावी तसं त्यांनी ते बोटानं कागदाच्या कपट्यावर लावून बघितलं. तीनदा पुन्हा घोटलं. चौथ्यांदा कपटा माझ्यापुढे धरला. त्यात जांभळाची झाक होती.

दोन वाजता पहिला कागद गेला. राणीला दोन नाकं आली. दुसऱ्याला दीड. रफीकभाईंनी एसी बंद केला, कागदाच्या थप्पीला वारा दिला, मशीनच्या एका स्क्रूला मुंगीच्या पावलाएवढं फिरवलं. अकराव्या कागदावर डोळा डोळ्यावर बसला. मी तुम्हाला सांगतो, चंद्रावर यान उतरलं तेव्हा एवढी शांतता पसरली नसेल. मग सहा वाजेपर्यंत आम्ही दोघं कागद घालत आणि डोळे तपासत राहिलो. वर्गीससाहेब आतून फोनवर मशीनच्या तब्येतीबद्दल सांगत होते. शेवटी शेवटी त्याला बहुतेक सलाईन लागलं होतं. जवळजवळ सगळे कागद सुधारले. शेवटच्या थप्पीतले चाळीसएक तेवढे सरकलेच. त्यांच्यात चेहरा गडद बसला होता, पण डोक्याभोवती कडेकडेनं आधीच्या फिक्या रंगाची बारीक रेघ उरली होती.

शुक्रवारी सकाळी पिना मारून प्रती गाडीत घातल्या, सरकलेल्या वेगळ्या बांधल्या आणि आम्ही तिघं निघालो, रफीकभाई, मी आणि सुमन. सुमन स्वतःहून येऊन गाडीत बसली. हॉलमध्ये शे-दीडशे बायका असतील. मी हजार सांगणार होतो, पण सुमन हे वाचणार आहे. रंगीत डोकी, रंगीत झगे, मोठमोठ्या हसण्याचे आवाज. दारात ग्रेस उभी होती, गणवेशात नाही, पिवळ्याधमक कपड्यांत. पण उभी तशीच. मी पुस्तक पुढे केलं. तिनं कोंबडीवाल्या विधवेचं पान काढलं, हात लांब करून बघितलं, जवळ घेऊन बघितलं. मग म्हणाली, "आत या. बूट पुसून." तिच्याकडून हे म्हणजे शालश्रीफळ होतं.

शाई पुरती वाळली नव्हती. जिनं जिनं पुस्तक उघडलं तिच्या अंगठ्याला काळं लागलं. अर्ध्या तासात सगळा हॉल मतदान करून आल्यासारखा दिसत होता. मी घाबरून माफी मागायला गेलो, तर एक सलूनवाली म्हणाली, "राहू दे, ही राणी मला लागलीय."

मग ग्रेसनं सेलामला आणलं. सेलाम म्हणजे चिमणीएवढी बाई, पांढरी ओढणी, शेजारी दोरीनं बांधलेली बॅग. मला वाटलं ग्रेस सांगेल, पण ती बाजूला झाली. म्हणजे मीच सांगायचं. इंग्रजी सेलामला पुरेना, माझी भाषा तिला येईना. दोघांना येत होतं ते गल्फमध्ये बाजारहाट करताना सगळे बोलतात ते तोडकं अरबी.

मी म्हटलं, "मशीन मा फी मुश्किल. अना मुश्किल." मशीन ठीक होतं, बिघाड मी होतो.

तिनं एक प्रत चाळली, मग माझ्या बगलेतली सरकलेली थप्पी ओढून घेतली. मी अडवायला गेलो तोवर तिनं पान उघडलंही होतं. एकाक्ष राणीच्या डोक्याभोवती फिकी रेघ. सेलाम त्या रेघेवरून बोट गोल फिरवत ग्रेसला हातवाऱ्यांनी भराभर काहीतरी सांगायला लागली. ग्रेस म्हणाली, "ती म्हणतेय, त्यांच्या देवळात संतांच्या डोक्यामागे असंच काढतात. हिला हीच प्रत हवी. सगळ्या अशाच का नाही केल्या, असं विचारतेय."

मी सेलामला पुन्हा म्हटलं, अना मुश्किल. ती हसून म्हणाली, "मा फी मुश्किल."

हे शब्द मी सत्तावीस वर्षं दिवसातून शंभरदा ऐकले. अर्थ एवढाच, की काही अडचण नाही, चालायचंच. पण सांगलीच्या कानाला ते 'माफी मुश्किल' असंच ऐकू येतं, आणि त्या दिवशी मला ते दोन्ही अर्थांनी ऐकू आलं. तिनं मला एका अर्थानं सोडलं. दुसरा अर्थ माझ्यामागे उभा होता, हातात पुस्तक घेऊन, वेणीवालीच्या पानावर. सुमननं ते पान बराच वेळ उलटलं नाही.

सेलामची निघायची वेळ झाली. मी माझी प्रत पुढे केली, सही द्या म्हटलं. तिनं मानेनं नकार दिला, मला खुर्चीकडे ढकललं आणि ओढणी सावरून समोर बसली. पिशवीतून बॉलपेन काढलं, ब्रश काढला. कोणाचा तरी कोऱ्या कॉफीचा कागदी पेला ओढून घेतला. पहिल्या कोऱ्या पानावर ती मला काढत होती. बायका गोळा झाल्या. माझी छाती दोन इंच पुढे आली, पोट चार इंच मागे गेलं.

पाच मिनिटांनी तिनं पुस्तक माझ्याकडे वळवलं. आपला मूळ रंग मी फार वर्षांत पाहिला नव्हता. पासपोर्टपासून ओळखपत्रापर्यंत सगळ्या फोटोंतून मी स्वतःला 'बघून' घेतलेलं होतं. समोर एक चांगला रापलेला, जाड भुवयांचा, लबाड डोळ्यांचा सांगलीकर बसला होता. देखणा होता, खोटं कशाला बोलू.

पण सवय वाईट. माझ्या तोंडून निघून गेलंच, "शवैया... थोडं उजळ?" आणि हातानं गालावरून फिकट असं करून दाखवलं.

ग्रेसनं डोळे मिटले. सुमननं कपाळाला हात लावला. सेलामनं माझा हात नीट पाहिला, गंभीरपणे मान डोलावली, ब्रश कॉफीत पुरता बुडवला आणि माझ्या दोन्ही गालांवर आणखी एकेक हात दिला.